आईच्या हातचं सूप

आमच्या बाबांना शहरातले हॉटेलवाले 'ग्राहकराजा' म्हणतात. हे नाव कोणी कौतुकाने ठेवलेलं नाही. बाबा दारात दिसले की गल्ल्यावरचा माणूस वेटरला डोळ्याने खुणावतो आणि टेबलांवरची मेनूकार्डं भराभर उचलली जातात. मग वेटर येऊन सांगतो, "साहेब, आज फक्त चहा आहे." मी त्यांची एकुलती एक मुलगी. बाबांबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर दुसऱ्या कोणाला तरी गाठा. तसा माणूस सापडला तर मलाही कळवा.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी बाजारात दुकानदारांची वजनं उलटी करून पाहण्यात घालवली. वजन पोकळ निघालं की जप्त, काटा एका बाजूला झुकला की सुतळीने बांधून वर लाखेचा शिक्का. कोणाकडून कधी फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. लोक म्हणायचे, काय सरळ माणूस आहे. सरळ माणसाच्या घरात राहावं लागतं तेव्हा काय होतं, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं. किराणावाला आम्हाला बघून तोंड फिरवायचा, भाजीवाली शिव्या घालायची. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे, कारण अर्ध्या वर्गाच्या बापांच्या तराजूंना माझ्या बापाने शिक्के ठोकले होते.

माझ्या आईच्या वाढदिवसाला आम्ही एकदा आइस्क्रीम खायला गेलो होतो. कार्डावर 'ताज्या फळांचं आइस्क्रीम' असं लिहिलं होतं. बाबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि तो तसाच धरून मॅनेजरला हाक मारली. फळं डब्यातली होती. मॅनेजर आला, मालक आला, शेवटी आत जाऊन रिकामा डबा आणला गेला, आजूबाजूची माणसं खायचं थांबवून आमच्याकडे बघत बसली. तेवढ्या वेळात आईच्या कपातल्या आइस्क्रीमचं पाणी झालं. त्यानंतर कोणी विचारलं की आई सांगायची, मला गोड आवडत नाही. ती गेली तोवर तेच सांगत राहिली. बाबांना ते खरंच वाटलं. दुसऱ्याच्या वजनातला गुंजभर फरक ओळखणाऱ्या माणसाला बायकोचं एवढं खोटं ओळखता आलं नाही, किंवा ओळखायचं नव्हतं.

निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांवर चर्चा करतात. बाबांनी मेनूकार्डं वाचायला घेतली. 'ताजा रस' खोक्यातून ओतलेला निघाला, ठोकला दावा. 'लोणी लावलेला टोस्ट' भलत्याच पिवळ्या चरबीत भाजलेला निघाला, ठोकला दावा. 'बिनकाट्याचा मासा' खाताना काटा लागला, तो त्यांनी काडेपेटीत घालून ग्राहक न्यायालयात नेला आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. 'आजचा खास पदार्थ' रोज तोच असतो हे सिद्ध करायला ते एका हॉटेलात ओळीने जात राहिले, बिघडलेलं पोट घेऊन. भरपाई म्हणून एक छदामही मागायचे नाहीत. मागायचे ती माफी, आणि तीही दारावर पाटी लावून, काळ्या अक्षरांत. पैसे दिले की माणूस मोकळा होतो म्हणे, पाटी मात्र रोज वाचावी लागते. असा हा आमचा परोपकारी माणूस. शेवटी शेवटी एका वैतागलेल्या हॉटेलवाल्याने 'जवळजवळ ताजा रस' आणि 'बहुधा लोण्यातला टोस्ट' असं छापून घेतलं. बाबांनी त्याला पोस्टाने अभिनंदन पाठवलं. त्यात चेष्टा काय आहे ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि मी पडले ती हॉटेलवाल्याच्या प्रेमात. लग्न ठरलं तेव्हा बाबांपुढे उभी राहून मी एकच गोष्ट मागितली. "आमचं मेनूकार्ड तुम्ही वाचायचं नाही."

"नाही वाचणार," ते म्हणाले. "मी व्याही म्हणून येईन. मागच्या दाराने."

त्यांनी शब्द पाळलाही. दर रविवारी सकाळी मागच्या दाराने यायचे, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि जायचे. पुढच्या दालनात पाऊल नाही, भिंतीवरच्या फळ्याकडे नजर नाही. मी मूर्ख. मला वाटलं, सुटलो.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. आमचं हॉटेल चालतं ते एका सुपावर. भाज्या, डाळ आणि हाडांचा रस एकत्र शिजवून केलेलं ते दाट सूप सासूबाई करायच्या आणि सासऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आईच्या हातचं सूप'. दारावरच्या पाटीवर हॉटेलच्या नावाखाली तेच नाव रंगवलेलं आहे. सासूबाईंचा एक हेका होता. त्या कधी चव घेऊन बघायच्या नाहीत. "चाखत चाखत करते ती शिकाऊ," म्हणायच्या. पातेल्यावर वाकायचं, नाकाने वाफ ओढायची, आणि तेवढ्यावरून मीठ, तेवढ्यावरून आच. आणि खरं सांगते, कधी चुकत नसे.

मग घरात ताप शिरला. त्या तापात सासरे गेले आणि सासूबाईंचं नाक गेलं. वास म्हणून काही येईना. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल परत. आला नाही. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, आम्ही समजायचं ते समजलो. नवरा गेल्यावर त्या अंथरुणातून उठत नव्हत्या. एके दिवशी पहाटे जिन्यावर पावलं वाजली. त्या खाली आल्या, पातेलं चढवलं, वाकल्या, वाफ ओढली, मीठ घातलं. आम्हा नवराबायकोला रडू आलं. दुपारी गिऱ्हाइकांनी वाडगे परत पाठवले. मीठ दुप्पट आणि तळाला लागलेलं.

कोण सांगणार होतं त्यांना? नवऱ्याने नाही सांगितलं, मी नाही सांगितलं. ते पातेलं होतं म्हणून त्या उठत होत्या, केस विंचरत होत्या, जिना उतरत होत्या. मग आम्ही एक पद्धत पाडली. सकाळी सासूबाई त्यांचं सूप करायच्या आणि पाय दुखायला लागले की वर जायच्या. त्या वर गेल्या की आचारी ते पातेलं मोरीत ओतायचा आणि मागच्या शेगडीवर केलेलं स्वतःचं सूप पुढे आणायचा. त्याला कृती पाठ होती, गिऱ्हाईक खूश होतं. दुपारी सासूबाईंच्या ताटात वर जायचं तेही आचाऱ्याचंच. त्या ते प्यायच्या आणि म्हणायच्या, "आज बरं जमलंय." दीड-दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. यात कोणाचं काय वाईट झालं, हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

एका रविवारी बाबा नेहमीपेक्षा उशिरा आले. मी पुढे गल्ल्यावर होते. आचारी मोरीशी पातेलं उपडं करत होता.

"हे काय ओतताय?" बाबांनी विचारलं.

आचारी पडला भोळा. घरचेच व्याही, त्यांच्यापासून काय लपवायचं, असं त्याला वाटलं. "आजींचं सूप. रोजच ओततो," म्हणाला, आणि वरून सगळी कथा सांगून मोकळा झाला.

बाबांनी चहा संपवला. कप विसळून ठेवला. मागच्या दाराने बाहेर पडले, इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत आले. मी बघतच राहिले. ते खिडकीपाशी बसले, चष्मा लावला आणि आमचं मेनूकार्ड उचललं. त्यांनी 'आईच्या हातचं सूप' मागवलं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, मग बिल घ्यायला गल्ल्यावर आले.

"छान होतं. कोणी केलंय?"

अगदी परक्या माणसासारखं विचारलं. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, जिन्यावरून सासूबाई उतरत होत्या. मी काय सांगणार?

"आईंनी," मी म्हटलं.

त्यांनी बिलाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढच्याच आठवड्यात नोटीस आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं माझा नवरा म्हणाला आणि हसायला गेला, पण त्याला हसू येईना.

मी त्याच दिवशी बाबांच्या घरी गेले. ते टेबलाशी बसून पेन्सिलला टोक करत होते.

"लाज नाही वाटली? आमच्या घरचा चहा पिऊन आमच्यावरच दावा?"

"चहाचा काय संबंध? चहा चहाच होता."

"बाबा, त्या म्हाताऱ्या बाईला सुनावणीत सगळं कळेल. त्या पुन्हा अंथरूण धरतील. मरतील त्या!"

"गिऱ्हाईक पाटी वाचून येतं," ते म्हणाले. "कोणी म्हातारी आपल्यासाठी पहाटे उठते, या विश्वासावर येतं. तुम्ही त्याला दुसरंच काही वाढता."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! मी आईंबद्दल बोलतेय."

"मीही," बाबा म्हणाले. "बाई राबते आणि तिचं केलेलं कुठे जातं ते तिला माहीत नाही. हे बरोबर आहे?"

"आम्ही नाव बदलतो. दावा मागे घ्या."

"आधी कबूल करा, का बदलताय ते. पाटीवर लिहा."

पाटीवर लिहा! म्हणजे सासूबाईंनी जाता-येता वाचावं. माझं पित्त खवळलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्यामुळे माझ्या आईने आयुष्यात पुन्हा आइस्क्रीम खाल्लं नाही. ते म्हणाले, तिला गोड आवडायचं नाही. मी दार आपटून निघून आले. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणापाशी?

बाबांनी साक्षीदार म्हणून सासूबाईंचं नाव दिलं होतं, त्यामुळे त्यांना न्यायला लागलं. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की सुपाच्या नावावरून कोणीतरी खुसपट काढलंय. "कोणीतरी" म्हणजे व्याहीच हे त्यांना तिथे गेल्यावर दिसलं. त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबांनीही केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ग्राहक न्यायालय म्हणजे एक लांबट खोली, वर एकच करकरणारा पंखा आणि तीन खुर्च्यांपुढे एक टेबल. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. बाबा स्वतःच बाजू मांडणार होते. ते उभे राहायच्या आत आमच्या वकिलाने त्याचा हुकमी मुद्दा काढला.

"'आईच्या हातचं' ही नुसती बोलायची पद्धत आहे, बाईसाहेब. हॉटेलात कोणाची आई खरोखरच स्वयंपाक करत बसली आहे, असं कोणताही शहाणा माणूस समजत नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला. "मी करते ना!"

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "कोण म्हणतं करत नाही? रोज पहाटे उठून करते. विचारा माझ्या सुनेला!"

सगळ्या खोलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करतात. रोज करतात." आणि हे तर खरंच होतं. आमच्या वकिलाचा चेहरा असा उजळला, जणू लॉटरी लागली. त्याला खरी गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. तो लगेच म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. पाहिजे तर नमुना आणून दाखवतो!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अध्यक्षबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "माझी हरकत नाही. फक्त पातेलं माझ्यासमोर भरावं आणि मी ते बंद करीन."

पुढच्या तारखेला पहाटेच ते आमच्या स्वयंपाकघरात हजर. माझा नवरा आदल्या दिवसापासून पातेली बदलायचा बेत आखत होता, तो तिथेच बारगळला. सासूबाईंनी चांगला पोशाख केला होता. त्यांनी पातेल्यावर वाकून वाफ ओढली आणि मीठ घातलं. थोडं थांबून पुन्हा वाकल्या आणि आणखी घातलं. आचारी भिंतीकडे तोंड करून कांदे चिरत बसला. झाकण बसल्यावर बाबांनी पिशवीतून सुतळी काढली, पातेल्याला आडवी-उभी बांधली, गाठीवर लाख वितळवली आणि शिक्का मारला. नोकरी सुटली, पण शिक्का सुटला नव्हता.

"एवढं कशाला, व्याही?" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तुमचं तुमच्याच नावाने पोचावं म्हणून," बाबा म्हणाले.

न्यायालयात टेबलावर पातेलं ठेवलं गेलं, अध्यक्षबाईंनी शिक्का बघितला, शिपायाने सुतळी कापली. सूप गार झालं होतं. तीन वाडगे भरले. डावीकडच्या सदस्याने 'मला पथ्य आहे' म्हणत वाडगा बाजूला सरकवला. उजवीकडच्याने एक चमचा घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. अध्यक्षबाईंनी घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि पाण्याचा पेला उचलून अर्धा संपवला.

"वेगळी चव आहे," त्या म्हणाल्या. भली बाई.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सासूबाई पुढे आल्या होत्या. आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे बघितलेली बाई ती. कोणाचा घास अडकलाय हे तिला कळत होतं. त्यांनी वाडगा उचलून बाबांसमोर धरला.

"व्याही, तुम्ही सांगा. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही."

मी उठून उभी राहिले. "बाबा," एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं त्या एका शब्दात होतं आणि ते त्यांना कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. एकदा. आयुष्यात एकदाच खोटं बोला. जमणार नाही का तुम्हाला? माझ्या आईसाठी नाही जमलं, माझ्यासाठी कधी नाही जमलं, या परक्या म्हातारीसाठी तरी जमवा. तीन शब्दांचं काम आहे. छान झालंय सूप.

बाबांनी एक चमचा घेतला. अन्याय नको म्हणून असेल, दुसराही घेतला. मग वाडगा नीट खाली ठेवला.

"खारट आहे," ते म्हणाले. "खाली लागलंय. घशाखाली उतरत नाही."

मला त्या क्षणी ते मरून जावेत असं वाटलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, शांतपणे लिहितेय.

सासूबाईंनी बाबांच्याच हातातला चमचा घेतला. मी त्यांना सूप चाखताना पहिल्यांदा बघत होते. नाक गेलं तरी जिभेला खारट कळतं. त्यांनी ते गिळलं. तोंड वाकडं केलं नाही. पुन्हा एक चमचा घेतला आणि तोही गिळला.

"रोजचं असंच?" त्यांनी मला विचारलं.

माझा नवरा पंख्याकडे बघत होता. त्याच्या वाटणीचंही मलाच बोलायचं होतं. "तापानंतर," मी म्हटलं.

"मग मला वर जेवायला येतं ते?"

"आचाऱ्याचं."

"आणि माझं?"

मी टेबलावरची कापलेली सुतळी गोळा करायला लागले. उत्तर त्यांना त्यातच मिळालं. सासूबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, कोसळल्या नाहीत. आम्ही ज्याची धास्ती घेऊन इतके दिवस काढले, त्यातलं काही झालं नाही. त्यांचा चेहरा नुसता लाल होत गेला.

"म्हणजे मी पहाटे उठायचं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळ्यांनी, आचाऱ्यासकट, मागे उभं राहून बघायचं. म्हातारीचा खेळ चाललाय, चालू दे."

"आई, तसं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही..."

"मीठ जास्त झालंय एवढं सांगायला किती त्रास पडतो? मी चाखून केलं असतं. शिकाऊ तर शिकाऊ. नव्याने शिकले असते."

एवढ्या काळात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

अध्यक्षबाई घसा खाकरून म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसा. निकाल मी पुढच्या तारखेला देईन."

"तुमचा निकाल तुम्ही द्या," सासूबाई म्हणाल्या. "मला वेगळी तक्रार करायची आहे. गिऱ्हाइकाला निदान बरं सूप तरी मिळालं. फसवलं मला."

"कोणाविरुद्ध तक्रार?"

सासूबाईंनी हात लांब करून आम्हा दोघांकडे बोट दाखवलं. मग बाबांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"व्याही, मला लिहिता येत नाही नीट. तुम्ही लिहा, मी सांगते."

"आजी, असली तक्रार इथे चालत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी एक कोरा कागद पुढे घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि सासूबाईंकडे बघितलं.

"आधी कोणाचं नाव घालू? तुमच्या मुलाचं?"

"त्याला कुठे काय सुचतं," सासूबाई म्हणाल्या. "सुनेचं घाला."

बाबांनी मान खाली घातली आणि कागदावर सावकाश, स्वच्छ अक्षरात माझं नाव लिहिलं.